आखाजीचा रिकामा चौकोन

“आते तठे पहाट व्हई. निजू दे त्यासले,” असं म्हणून नाना कीबोर्डवरचा हात मागे घ्यायचे आणि खिडकीबाहेर बघत बसायचे. मेलने कुणाची झोपमोड होत नाही, हे सांगून मी थकलो. ते मात्र त्या त्या देशात उजाडल्यावरच मेल पाठवत.

जळगावच्या सरकारी कार्यालयात आमची टेबलं शेजारी होती. बारा देशांच्या सरकारांची आर्थिक परिषद मुंबईत भरायची होती आणि तिचा एक दिवस यावलच्या केळीबागांत, फळांच्या व्यापाराची बोलणी करण्यात जायचा होता. त्या दिवसाची तारीख जुळवायचं काम फिरत फिरत नानांकडे आलं. कसं, ते विचारू नका. असा माणूस तुमच्याही कार्यालयात असेल.

नानांनी कागद चिकटवून भलामोठा तक्ता केला. प्रत्येक देशाला एक ओळ; तिथे सण असेल त्या चौकोनात पेन्सिलीची फुली. “ह्या दिनले त्या लोके नदीमा दिवा सोडतस,” असं ते सांगत, तेव्हा तो दिवा त्यांना खिडकीतून दिसत असावा असं वाटायचं.

शेवटी एकच तारीख मोकळी राहिली. पत्रं गेली, बाराही देशांचे होकार आले, आणि मग नानांच्या लक्षात आलं की त्या दिवशी आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया आहे. आमच्या खान्देशात आखाजीला लेकी माहेरी येतात, झोके बांधतात. पण सरकारी सुट्ट्यांच्या यादीत ती नव्हती. जगाचे सण सांभाळणाऱ्या नानांनी आपल्याच ओळीत फुली मारली नव्हती.

त्यांची सुरतेला दिलेली मुलगी तीन वर्षांनी, एका दिवसासाठी, धुळ्याजवळच्या त्यांच्या गावी येणार होती.

“नाना, मी बोलतो साहेबांशी.”

“नको रे भाऊ. मनी आंडेर येस म्हनीसन बारा देशसले थांबा सांगू का?”

मला त्यांचा राग आला. अजूनही येतो.

आदल्या रविवारी ते घरी जाऊन निंबाला झोका बांधून आले. परिषदेच्या दिवशी मात्र हातात वेळापत्रक घेऊन केळीच्या हिरव्या सावलीत उभे. परतताना वाटेवर पोरी झोक्यावर गाणी म्हणत होत्या. नानांनी पाहुण्यांच्या गाड्या थांबवल्या आणि वेळापत्रकात नसलेली दहा मिनिटं त्यांना दिली. पाहुणे फोटो काढत होते. नाना नुसते बघत होते.

दिवेलागणीला ते घरी पोचले. लेक चारच्या बसने गेली होती.

“झोका हालत व्हता रे भाऊ,” दुसऱ्या दिवशी ते मला म्हणाले. “जरासा बसनू त्यावर.”

पुढची आखाजी नानांनी पाहिली नाही. हिवाळ्यात छातीत कळ आली, आणि गेले.

यंदा परिषदेची पुढची फेरी ठरली आणि तक्ता माझ्याकडे आला. पेन्सिल उचलली, ठेवून दिली. आपल्या देशाच्या ओळीत आखाजीवर मी पेनाने फुली मारली.

मुंबईहून फोन आला. “या दिवशी काय आहे? यादीत तर सुट्टी नाही.”

“नाही. त्या दिवशी लेक घरी येते.”

“कुणाची?”

“आमच्या नानांची,” मी म्हणालो.