चिकटवलेली पानं

वयात येण्याबद्दलची सरकारी पुस्तिका मुलांना दाखवू नका, असा वरून हुकूम आला तेव्हा मी फुलंब्रीकडच्या एका शाळेत मास्तर होतो. पुस्तिका कपाटात ठेवली असती तरी भागलं असतं. पण मी जास्तीचा हुशार. ज्वारीच्या पिठाची खळ शिजवून पुस्तिकेची पानं एकमेकांना चिकटवून टाकली.

थोड्याच दिवसांनी सातवीतली एक पोरगी सुट्टी झाली तरी बाकावरून उठेना. शाळेत एकही बाई नव्हती. जवळ गेलो तर पुटपुटली, “सर, लई रक्त येतंय. मी मरणार का?”

मी धावत पुस्तिका आणली, पाणी लावून पान सोडवू लागलो. खळ अशी झकास जमलेली, की चित्र मजकुरासकट फाटून हातात आलं.

दारात मुख्याध्यापक उभे होते. “काय सांगताय पोरीला? जोरात सांगा, मलाबी ऐकू द्या.”

मी मोठ्यानं म्हणालो, “मरत नाहीस, बाळा. पाळी आलीय. सगळ्या बायांना येते, तुझ्या आईलाही येते.”

पोरीनं डोळे पुसले. मुख्याध्यापकांनी माझ्या हातातला कागद घेतला, घडी करून खिशात ठेवला. मला म्हणाले,

“सर, उद्या डबा जास्तीचा आणा. तालुक्याला साहेबांपुढं जबाब द्यायला लई वेळ बसावं लागंल.”