टोकावड्याची गाडी लावणारी योगिनी

योगिनी माझी सख्खी धाकटी बहीन. मी नववीत शाळा सोडली, पन आसनगाव ते टोकावडे रस्ता मला तोंडपाठ. तिला तो मीच मोटारसायकलवर मागं बसवून दावला. आसनगावच्या पार्सलच्या गोडाऊनमदी कुठली गाडी कुठं जायाची ते तीच ठरवायची. निम्म्या गाड्या डिझेलच्या, निम्म्या बॅटरीच्या. बॅटरीच्या वाशिंद-शहापूरला, डिझेलच्या टोकावड्याच्या चढाला. तिनं लावलेली गाडी वाटेत कधी अडकली नाय. अशी पोरगी आख्ख्या तालुक्यात दावा.

मग गोडाऊनचा मालक विपुलशेठ बोलला, डिझेल परवडत नाय, टोकावड्याला बी बॅटरीच लाव. तिनं डोकं चालवलं. जड माल सगळा मुरबाडला उतरवायचा, फुडं हलकी गाडी चढ काढते.

पन गाडी गेली त्या दिवशी मुरबाडचा बाजार. डायवर देवराम. आमच्याकडं रिकामी गाडी दिसली की मानसं हात करतात आनि डायवर थांबतो. "नाय" असं कोन बोलत नाय. मानसं बसली, गोन्या चढल्या. टोकावड्याच्या अलीकडं बॅटरी संपली. डिझेलची गाडी पाठवून ओढून आनावी लागली.

शेठ योगिनीवर भडकला. "देवरामचं नाव लिहून दे, त्याला काढतो."

देवराम दारातच उभा. "ताई, म्हातारी डोक्यावर गोनी घेऊन हात करतेय. काच वर करून जाऊ काय?"

"गप रे तू," योगिनी बोलली. मग शेठला, "गाडी मी लावली. बाजार मी हिशोबात धरला नाय. त्याला काढू नका."

"मग तू बस घरी."

"बरं."

तेवढंच. मी असतो तर शेठचं टेबल उलटं केलं असतं. घरी येऊन तिनं मला सांगितलं, बाजारातला भाव सांगावा तसं. मी लय बोललो, शेठच्या सात पिढ्या काढल्या.

"दादा, भाकर गार होतेय," ती बोलली. रडली नाय. मग मी बी जेवाया बसलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती रोजच्या टायमाला तयार होऊन ओट्यावर बसली. जायाचं कुठंच नव्हतं. फोन वाजला. देवराम.

"ताई, शेठनं गाड्या उलट्यापालट्या लावल्यात. आमी आपलं तुलाच इचारतो. कोनी कुठं जायाचं?"

तिनं एकेक गाडी सांगितली. "तू टोकावड्याला डिझेल ने. मानसं बसव." फोन ठेवला, चप्पल काढली आनि आत गेली.