पराती लावून देवगावला

शहरातल्या औरंगपुऱ्याच्या बाजारात चार ॲल्युमिनियमच्या पराती घेतल्या तेव्हा दुकानदाराने विचारलं, "घर में शादी है क्या?" गाडीच्या चाकांना लावायच्यात म्हटल्यावर त्या बिचाऱ्याने सुट्टे पैसे दोनदा मोजले.

रविवारी सकाळी वडिलांना आणायला निघालो. माझी विजेवरची गाडी आता थकलीय. देवगाव रंगारीला जाऊन परत येताना घराच्या अलीकडेच मान टाकते. चाकांची भोकं झाकली की वारा कमी अडतो आणि चार कोस जास्त मिळतात, असं वाचलं होतं. त्यावरच माझी भिस्त. गावी एकटे राहणारे माझे वडील, अण्णा, शहरात यायला एकाच अटीवर तयार झाले होते: दर रविवारी शेत दाखवून संध्याकाळी परत आणायचं. एसटीचे हादरे त्यांच्या कमरेला सोसत नाहीत.

जाताना पराती खडखडल्या, पण बॅटरी टिकली. वेरूळला मी चक्क शीळ घालत होतो.

"चाकाला पराती कमून (कशाला) रे?" देवगावला पोहोचताच अण्णांनी विचारलं.

"वारं अडू नये म्हणून."

"लई शिकला."

शेजारच्या काकूंनी भाकरी आणि येसराची (भाजलेल्या धान्याच्या पिठाची) आमटी वाढली. हात धुऊन आलो तर डिकीत ज्वारीची दोन पोती. "सुनंकडं रिकाम्या हातानं कसा येऊ?" अण्णा म्हणाले. वजनाने सगळं मुसळ केरात जाणार हे कळत होतं, पण पोती काढा म्हणायला जीभ रेटेना.

परतीला वेरूळला, खुलताबादच्या चढाआधी, बॅटरीचा आकडा पाहून गाडी एका हॉटेलापाशी थांबवली. म्हटलं, "अण्णा, पोती इथं हॉटेलात ठेवू. उद्या नेतो."

त्यांनी खाली उतरून एका परातीवर टिचकी मारली. "दोन पोत्यानं अडती, ती गाडी मला दर आइतवारी आणणार व्हय?"

"आणतो ना."

"नाय जमायचं, बाळा. तू लई खटपट केली."

देवगावची ओळखीची मंडळी घृष्णेश्वराचं दर्शन घेऊन मोटारीने परत निघाली होती. अण्णा त्यांच्यात जाऊन बसले. मी हात धरला, तो त्यांनी हळूच सोडवला. "ज्वारी घेऊन जा," एवढंच म्हणाले.

चढ कसाबसा पार झाला. पुढे दौलताबादच्या उतारावर बॅटरीने थोडं परत कमावलं आणि गाडी पोत्यांसकट दारात पोहोचली. आकडा अजून शून्यावर आला नव्हता. अण्णांना घेऊनही पोहोचलो असतो.

बायकोने मागच्या सीटवर वाकून पाहिलं. "अण्णांची गादी उन्हात घालून आणलीय," ती म्हणाली.

मी पोती उतरवायला लागलो.