अर्थिंग फक्त गल्ल्यापुरतं

मंडळी, डोकं अजून तापलेलंय.

मी वायरिंगची कामं घेतो. आज सकाळी औरंगपुऱ्यातल्या एका साडीच्या दुकानात ट्रॅकलाइटचं काम ठरवायला गेलो. छताला धातूच्या पट्ट्या, त्यावर सरकणारे दिवे. म्हणालो, "शेठ, प्रत्येक पट्टीला अर्थिंग लागंल."

"माझ्या गल्ल्यावर दे. बाकी राहू दे. नोकरांच्या पायात चपला असतात."

ह्याच दुकानात चपला दाराबाहेर काढायचा नियम आहे! लोखंडी काठीनं वरच्या साड्या काढणारे भागवतकाका समोरच अनवाणी उभे होते.

"झटका बसला तर?"

"बसू दे की. दुपारी लई पेंगतात." शेठ हसला. काकाही हसले. नोकरी आहे, हसावं लागतं.

आधीची एक पट्टी होती. टेस्टर लावला, त्याचा दिवा लगेच पेटला, म्हणजे पट्टीत करंट उतरलेला. म्हणालो, "शेठ, चपला काढून ही धरून दाखवा."

शेठ मागं सरकला. "मला बीपी आहे."

काका हळूच बोलले, "मला बी हाय, शेठ."

"मग उद्यापासून घरी बस."

काम सोडून आलो. शेठला दुसरा वायरमन मिळंलच. सांगा, ती काठी उद्या कुणाच्या हातात असंल?