आबांचं ‘मग?’

आबांनी ‘मग?’ म्हटलं की शहाण्या माणसानं तोंड मिटावं, हे आमच्या गावात शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. म्हणायचे मात्र फार मऊ. तुम्ही नुसतं म्हणावं, “काल घरात जरा वाजलं,” की आबा विडी बाजूला धरून, मान किंचित तिरकी करून विचारत, “मग?” एवढ्याशा शब्दावर भलेभले पाघळले आणि महिन्याभरात आबांच्या भाषणातून पेणच्या हॉलात लोकांना हसवायला कामी आले. गावानं त्यांचं आडनाव बाजूला ठेवून त्यांना ‘कानोसे’च करून टाकलं होतं.

आमचं गाव गडब आणि कासूच्या मध्ये. आबांची शेती खाडीच्या अंगाला. उधाणाला बांध फुटला की खारं पाणी आत शिरायचं आणि वर्षाचं भात जायचं. “आमच्या भातात मीठ घालायला लागत नाय, घरचंच हाय,” असं ते सांगायचे. आधी पारावर, पुढे लग्नाच्या मांडवात सांगत सांगत नव्वदच्या सुमाराला ते पेणच्या एका साप्ताहिकात लिहायला लागले, आणि गणपतीत भाषणाची बोलावणी यायला लागली. गावाला आधी कौतुक वाटलं. लोक नक्की कुणाला हसतायत, हा संशय जरा उशिरा आला.

मी तेव्हा कंपनीत शिफ्टला जायचो. एकदा सुट्टीच्या दिवशी दादांना, म्हणजे माझ्या वडिलांना, घेऊन रोह्याला आबांचं भाषण ऐकायला गेलो. आबांनी एका घाटावरच्या माणसाची गोष्ट काढली. बायकोनं अबोला धरला म्हणून तो आठवडाभर गोठ्यात झोपला आणि बैलाच्या कानात तिची गाऱ्हाणी सांगत बसला. माणसाचं नाव बदललेलं, गाव बदललेलं. बैलाचं नाव मात्र हवालदार. अख्ख्या पंचक्रोशीत हवालदार नावाचा बैल एकच होता, आणि तो आमचा. रोह्याचा माझा मामा पुढच्या रांगेत बसला होता. तो वळून दादांकडे बघायला लागला.

स्टँडवर दादांनी आबांना गाठलं. “माझं नाव बदललंस, मग बैलाचं बदलायला काय झालं होतं?”

आबा खरंच गोंधळले. “जनावराचं नाव कसं बदलू रे? दुसऱ्या नावानं हाक मारली तर तो वळायचा नाय.”

दादांनी त्यांच्याशी बोलणं टाकलं. गावानं टाकलं नाही, पण आबा दिसले की माणसं खताच्या भावावर बोलायला लागायची.

हे सगळं भाताच्या लावणीत आबांच्या अंगाशी आलं. आमच्याकडे लावणी सावडीनं चालते, आज आम्ही तुमच्याकडे, उद्या तुम्ही आमच्याकडे. त्या वर्षी बांध टिकला होता, रोपं झकास उगवली होती, आणि आबांच्या शेतावर जायला कुणी तयार होईना. “तिथं चिखलात पडलेला माणूस पेणच्या हॉलात उठतो,” दादा म्हणाले. रोपं पिवळी पडायला लागली. अजून चार दिवस गेले असते तर ते वर्षही हातचं गेलं असतं.

शेवटी काकू, आबांची बायको, आमच्या दारात आली. आईला म्हणाली, “वैनी, बाया घेऊन ये गो. ते दिवसभर तोंड उघडणार नाय. तुम्ही त्यांच्यावर काय ते बोला.”

बाया गेल्या. मागोमाग आम्ही पुरुषही गेलो. आबा मुकाट्यानं वाकून लावत होते आणि बाया त्यांची पिसं काढत होत्या. काकूच सगळ्यांत पुढे. “भाषणाला निघताना हे विहिरीच्या खांबाला धरून रडतात, म्हणतात, मला नाय जमायचं. मी म्हणते, नका जाऊ. तर म्हणतात, शेतीपण जमत नाय, मग मी करू काय?”

सगळ्यांचे हात थांबले. चिखलातून मऊ आवाज आला, “मग?”

हसून हसून आई बांधावर बसली. दादासुद्धा हसले. संध्याकाळच्या आत लावणी झाली. पुढच्या गणपतीत आबांनी त्या खांबाचीच गोष्ट सांगितली, स्वतःच्या नावानिशी, आणि त्यानंतर गावातल्या कुणाला हात लावला नाही. गप्प राहण्याची ती अट आबांनीच काकूच्या तोंडून घातली असावी, असा मला आजही दाट संशय आहे. एका दगडात लावणीही झाली आणि भाषणही.

दशक सरता सरता आबा गेले. छातीत दुखतं म्हणून पेणला नेलं, ते परत आले नाहीत. मला आपला माणूस गेल्यासारखं झालं. समाचाराला गेलो तेव्हा ओटी माणसांनी भरलेली होती, पण कुणी बोलेना. इतक्या वर्षांची सवय, कोण जाणे कुठून ऐकत असतील. मग दादाच म्हणाले, “हवालदाराला मी काय काय सांगितलं, ते आबाला सगळं कळलंच नव्हतं. तिसऱ्या रात्री तर...”

एवढं बोलून ते थांबले. ओटीवरच्या ज्या खांबाला आबा टेकून बसायचे, त्याच्याकडे त्यांनी पाहिलं. कुणीच ‘मग?’ म्हटलं नाही. दादांनी उपरण्यानं तोंड पुसलं आणि गोष्ट तिथंच सोडली.