निळ्या टाकीखालची बाल्कनी

नवं यंत्र ओळखीच्या वस्तूवर तपासल्याशिवाय घ्यायचं नाही, हा निवृत्त इंजिनिअर पुरुषोत्तम करंदीकरांचा जन्माचा हट्ट. पक्ष्यांच्या फोटोंसाठी स्वस्तातला, लांब झूमचा कॅमेरा घ्यायला ते बंगळूरमधल्या जे. पी. नगरातल्या दुकानात गेले, तेव्हाही त्यांनी खिडकीतून दूरवरची स्वतःचीच बाल्कनी कॅमेऱ्यात धरली. बायको वारल्यापासून ते एकटेच राहत. निघताना घराला कुलूप त्यांनीच लावलं होतं.

दुकानदाराने आधी दाखवलेल्या महागड्या कॅमेऱ्यात बाल्कनी रिकामी दिसली. मग स्वस्तातल्याचा झूम ताणला आणि त्यांनी कॅमेरा झटकन काउंटरवर ठेवला.

"ह्याच्या लेन्समध्ये दोष आहे," ते कसेबसे म्हणाले. "ती निळ्या टाकीखालची बाल्कनी बघा."

दुकानदाराने कॅमेरा डोळ्याला लावला. "दोष कुठाय, अण्णा? स्वच्छ दिसतंय की! अक्का, तुमच्या मिसेसच असतील, हात करून तुम्हालाच बोलावतायत."