वरण, वरण आणि पुन्हा वरण

तो तोंडावर हात धरून बोलायचा. मैदानावर ते ठीक होतं. समोरच्या टीमला ओठ वाचता येऊ नयेत म्हणून तिथे बरेच जण तसं करतात. पण हा आमच्या दारात विरजण मागायला आला तरी तोंडावर हात. मी म्हणायचे, "हात काढ. विरजणच मागतोयस ना, चोरी करायला तर नाही आलास." तो हात काढायचा आणि पुढच्या वाक्याला परत ठेवायचा.

क्वेकर्स हिलला तो आमच्या समोरच्या घरात राहायचा. माझ्याहून पंधराएक वर्षांनी लहान, म्हणून मी त्याला अरे-तुरे करायचे आणि तो मला मावशी म्हणायचा. पुण्याचा इंजिनिअर, मधली बरीच वर्षं अमेरिकेत काढून सिडनीला आलेला. बायको इथेच वारली. मुलगी लग्न करून कॅनबेराला गेली, गुंगालिनला. घरात तो आणि टीव्ही. असं एखादं घर तुमच्याही रस्त्यावर असेल, बघा. आठवडाभर पडदे ओढलेले, आणि शनिवारी सकाळी मात्र गाडी सगळ्यांच्या आधी बाहेर.

त्याचा शनिवार म्हणजे अमेरिकन फुटबॉल. हेल्मेट घालून एकमेकांवर आदळतात, तो. आमच्या भागात एक छोटा क्लब आहे. माझा मुलगा त्याचं कामकाज बघतो आणि नातू त्यात खेळतो. खेळ कळायला मला वेळ लागला, पण आहे सोपा. चेंडू दहा यार्ड पुढे न्यायला चार संधी मिळतात, नाही जमलं तर चेंडू समोरच्यांना. प्रत्येक संधीआधी सगळे थांबतात आणि आता काय करायचं ते बाहेर उभा असलेला एक माणूस सांगतो. तो माणूस म्हणजे हा. स्वतः जन्मात पळाला नसेल. पण समोरच्या गर्दीत फट कुठे पडणार ते त्याला आधी दिसायचं.

चालींना खुणेची नावं लागतात. इंग्रजी नावं समोरचे लगेच ओळखायचे. एकदा आमच्याकडे जेवताना त्याने विचारलं, "मावशी, आज काय काय केलंय?" मी सांगितलं. पुढच्या शनिवारी टीम माझा स्वयंपाक ओरडत होती. वरण म्हणजे चेंडू पोटाशी धरून मधून घुसायचं. कोशिंबीर म्हणजे कडेने पळायचं. भजी म्हणजे नातवाने मागे सरून चेंडू लांब फेकायचा. टीममध्ये दोन सामोआचे दांडगे गडी होते. ते "कोशिंबीर" म्हणायला लागले की मी खेळ बघायचा सोडून त्यांच्याकडेच बघायचे.

चेंडू सुटला, चाल फसली, तरी तो कोणाला बोलायचा नाही. "झालं. पुढचं बोला." एवढंच. मी गुडघ्याचं रडगाणं लावलं तरी तेच, "बरं, पुढचं बोला." बायको गेली तेव्हा मी भेटायला गेले, तर मलाच म्हणाला, "झालं, मावशी. पुढचं बोला." मला तेव्हा तो दगड वाटला.

मग एका सीझनच्या सुरुवातीलाच ते घडलं. त्याने भजी सांगितली. नातू मागे सरला, हात वर केला, आणि डावीकडून एक जण येऊन त्याच्यावर आदळला. नातू पडला तो हललाच नाही. मी खुर्चीतून उठले नाही. उठून काय करणार होते? थोड्या वेळाने त्याने डोळे उघडले आणि बापाला विचारलं, आज वार कोणता. मग हॉस्पिटल, तपासण्या, काही आठवडे अंधाऱ्या खोलीत पडून राहणं. शेवटी डॉक्टर म्हणाले, खेळू दे. नातू तयारच होता.

हा तयार नव्हता.

नातू परत आल्यापासून मैदानावर एकच पदार्थ. वरण. मग वरण. मग पुन्हा वरण, आणि चेंडू समोरच्यांच्या हवाली. टीम हरायला लागली. एका सामन्यात तर समोरचेच आमच्याआधी "वरण, वरण" असं ओरडले आणि मधे भिंतीसारखे उभे राहिले. आमचेही दोघे-तिघे हसले. त्याने चालींचा कागद तोंडावर धरला आणि पुन्हा वरणच सांगितलं.

नातू घरी येऊन गॅरेजमध्ये हेल्मेट आपटायचा. "आजी, तो मला थ्रो करूच देत नाही. मी काय काचेचा आहे?"

एका रविवारी आरवोला, म्हणजे इथल्या भाषेत दुपारी, क्लबची माणसं आमच्याकडे जमली. प्रश्न एकच. अर्धा सीझन बाकी असताना चाली सांगणारा बदलायचा का?

एक जण म्हणाला, "मधेच बदललं तर सगळे कन्फ्यूज होतील. त्याची पद्धत त्यांच्या अंगात बसलीय."

"आपल्याच नाही, आता समोरच्यांच्याही बसलीय," मुलगा म्हणाला. "आपण काय करणार ते अख्ख्या सिडनीला माहीत आहे."

"पण यार, त्याला दुसरं आहे काय?"

हे खरं होतं. मुलाने माझ्याकडे बघितलं. "आई, तू दर शनिवारी असतेस. तुला काय वाटतं?"

"बदला," मी म्हटलं. "त्याला भीती बसलीय. तो आता खेळ बघत नाही. नातवाचं डोकं बघतो नुसता."

"त्याला सांगणार कोण?"

मी चपला घातल्या.

तो पडदे ओढून बसला होता. टीव्हीवर तोच शनिवार लावलेला, कोणीतरी फोनवर घेतलेला. नातू मागे सरायचा, हात वर करायचा, आणि तिथे हा थांबवायचा. मागे न्यायचा. पुन्हा लावायचा.

"बंद कर ते."

"मावशी, हे बघा. डावीकडून तो येतोय. मला दिसायला हवा होता."

"नाही दिसला. पोरगा बरा झाला. क्लबवाले तुला बदलायचं म्हणतायत. मीही तेच म्हटलं."

हात तोंडावर गेला. "तुमचा नातू आहे तो."

"माझाच आहे. म्हणून तर मी आले."

"आणि परत पडला तर?"

"पडेल. तू कुठवर पुरणार आहेस?"

त्याने रिमोट मांडीवर ठेवला. मग म्हणाला, "बरं. पुढचं बोला."

"तेच तर तुला जमेनासं झालंय रे," मी म्हटलं.

त्याने टीव्ही बंद केला. चालींचा कागद आणून माझ्या हातात दिला. "नावं तीच ठेवा म्हणावं. पाठ झालीयेत सगळ्यांना."

पुढच्या शनिवारी चाली सांगायला एक इथलाच इलेक्ट्रिशियन उभा राहिला. मी गाडीत एक घडीची खुर्ची जास्तीची घेतली होती. तो येईल असं वाटलं नव्हतं, पण आला आणि माझ्या शेजारी बसला. आयुष्यात पहिल्यांदा सामना बसून बघत असेल. इलेक्ट्रिशियनने दुसऱ्याच चालीला भजी सांगितली. ह्याने मान खाली घातली आणि गवताकडे बघत राहिला. चेंडू उंच गेला. सगळे उभे राहिले, ओरडले.

"धरला," मी म्हटलं. "पलीकडे पोचलासुद्धा."

"ते नाही हो, मावशी. तो उठला का?"

"पडलाच नाही."

तेव्हा त्याने मान वर केली.

तो सामना आम्ही जिंकलो, पुढचेही बरेच जिंकलो. त्याला बदललं ते बरोबरच झालं. आज विचारलंत तरी मी हेच सांगेन. पण त्या दिवसानंतर तो मैदानावर आला नाही. शनिवारीही पडदे तसेच. विरजण मागायला येणंही थांबलं. मीच एकदा वाटी घेऊन गेले, तर म्हणाला, "दही लावणं सोडलंय, मावशी." मी वाटी तशीच परत आणली. उन्हाळ्यात मुलगी त्याला गुंगालिनला घेऊन गेली. आता त्या घरात एक तरुण जोडपं राहतं. पडदे दिवसभर उघडे असतात.

पुढच्या थंडीत तो गेला. हृदयाचं दुखणं होतं. त्याच्या आदल्याच आठवड्यात मुलीने हॉस्पिटलमधून व्हिडिओ कॉल लावला होता. उशीला टेकून बसला होता. चेहरा लहान झालेला, दोन्ही हात पांघरुणावर.

"काय करतोय तो?" त्याने विचारलं. नाव घेतलं नाही, पण मला कळलं.

"सराव सुरू झालाय. फेकतोय."

"पडतो?"

"पडतो. उठतो."

त्याने मान हलवली. मग थंडीचं बोलला, नळातलं पाणी सकाळी गोठतं म्हणाला. मला सगळं स्पष्ट ऐकू येत होतं. हात काढ म्हणायची वेळच आली नाही. हात पांघरुणावरच होते.

मग दोघांचंही बोलणं संपलं.

"बरं," मी म्हटलं, "पुढचं बोल."

तो हसला, बहुतेक. मग मुलीने फोन स्वतःकडे वळवला.